हसू कुणाचं

३ नोव्हेंबर

दुधी किसताना अंगठा कापला. रक्त बरंच आलं. शोभा समोर खुर्चीत बसलेली. माझ्याकडं बघून हसायला लागली. गालातल्या गालात नाही, खदाखदा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मी अंगठा नळाखाली धरून उभा आणि ही हसतेय. राग आला. म्हणलं, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना. तर आणखीच हसली. मग जशी सुरू झाली तशी एकदम थांबली. आणि असा चेहरा, की हसणारी दुसरीच कुणीतरी होती आणि ती आत्ता उठून गेली.

दवाखान्यातून घरी आणून आठवडा होत आला. हा दुसरा झटका. पहिला कधी येऊन गेला ते आम्हाला कळलंही नव्हतं. दोनेक वर्षांमागं डावा हात काही दिवस जड पडला होता. हातावर झोपल्यामुळं असेल म्हणून सोडून दिलं. आता डोक्याच्या फोटोत तो जुना डाग दिसला. नवा डाग दुसऱ्या बाजूला.

चालते, धरून. बोलते, पण बोबडं आणि सावकाश, एकेक शब्द लांबून आणल्यासारखा. गिळण्याचं अवघड. पाणी, चहा, वरण, काहीच पातळ चालत नाही. ठसका लागतो. फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होईल म्हणून बजावलंय. पावडर घालून चहा घट्ट करायचा, चमच्यानं द्यायचा, तिनं हनुवटी छातीला टेकवून गिळायचा. पहिल्या चमच्याला म्हणाली, “खळ.” तेवढा एक शब्द अगदी स्पष्ट आला.

७ नोव्हेंबर

पहिली पाळी. वाळूजहून घरी यायला चार वाजले. मी कंपनीत असतो तोवर मेघा पडेगावहून येऊन आईजवळ बसते. आज जावई पण आले होते. राहुलला बघितलं आणि शो. रडायला लागली. हुंदके. श्वास लागेपर्यंत. राहुल दारात एका पायातला बूट काढून उभा, दुसरा काढावा का नाही त्याला कळेना.

जिना उतरताना तो मेघाला म्हणाला म्हणे, आईंच्या मनात अजून आहे. म्हणजे लग्नाचं. पाच वर्षं झाली. मेघानं जातीबाहेर केलं, पण आम्ही दोघं उभं राहून लावून दिलं. शोभानं स्वतः त्याला ओवाळलं होतं.

ते गेल्यावर विचारलं, राहुलवर राग आहे का. मान हलवली, नाही. “राहुल… चांगला.” आणि चांगला म्हणताना परत रडू.

मेघा म्हणते आईनं मनाला लावून घेतलंय, मानसिक डॉक्टरला दाखवू. मला दुसरी भीती वाटते. डोकंच निसटत चाललं असेल तर? हात गेला, पाय गेला तर माणूस राहतो. हे गेलं तर मी कुणाला भरवतोय?

११ नोव्हेंबर

रशीदभाईच्या रिक्षानं मेंदूच्या डॉ. मॅडमकडं. वाटेत तो त्याच्या अम्मीचं सांगत होता, डायलिसिस चालू आहे. अर्ध्यातच शो.ला हसू फुटलं. मी मेल्याहून मेल्यासारखा. त्यानं आरशात बघितलं आणि रिक्षा चालवत राहिला. उतरताना म्हणाला, “भाभी कू कुछ मत बोलो. उनके हात में नै है वो, दिख रा मेरे कू.” मला नवऱ्याला जे दिसलं नाही ते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग शो.कडं वळून तिलाच विचारलं: हसता तेव्हा आतून हसू येतं का? नाही. रडता तेव्हा वाईट वाटत असतं का? कधी कधी. मग थांबवता का येत नाही? शो.नं हात वर केला आणि नुसता सोडून दिला.

मॅडमचं सांगणं जसं समजलं तसं लिहितो. गिळणं, आवाज, हसणं, रडणं ही सगळी कामं मेंदूच्या खालच्या बाजूला, देठाशी होतात. तिथलं यंत्र जन्मापासून तयार असतं, तान्ह्या बाळालाही गिळता येतं, रडता येतं. पण कधी, किती, कुणासमोर, हे वरचा मेंदू ठरवतो. वरून खाली दोन्ही बाजूंनी वाटा येतात, त्यातून हुकूम येतो. लगाम म्हणा. एक बाजू तुटली तर दुसरी सांभाळून घेते. शोभाची पहिल्या झटक्यात एक गेली, या झटक्यात दुसरी. म्हणून गिळणं पण बिघडलं आणि हसणं पण. दुखणं एकच. घोडं आहे, लगाम नाही.

म्हणलं, मग डोकं शाबूत आहे? म्हणाल्या, पूर्ण. फक्त चेहऱ्यावर जाऊ नका. काय वाटतंय ते त्यांना विचारा आणि त्या सांगतील ते खरं धरा.

एक गोळी सुरू केली. गुण यायला काही आठवडे लागतील.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा शो. म्हणाली, “वेडी… नाही.” म्हणलं, नाहीच. मला वाटतं मला रडू आलं असतं, पण माझे लगाम जागेवर आहेत.

१२ नोव्हेंबर

मेघाला, राहुलला फोनवर सगळं समजावलं. संध्याकाळी राहुल एकटाच आला, शो.च्या शेजारी बसला. ती रडली. तो बसून राहिला, रडणं संपेपर्यंत. मग विचारलं, भाजी काय आवडेल. “वांगं.”

जेवताना माझ्याच घशाकडं लक्ष. घास चावतो, मागं जातो, आणि मग पुढचं माझ्या हातात नसतं. कुणीतरी श्वासाचं दार लावतं, अन्नाचं उघडतं, परत सगळं जागेवर. पंचावन्न वर्षं हे रोज चाललंय आणि मी एकदाही केलेलं नाही. मुद्दाम लक्ष देऊन गिळायला गेलो तर ठसका लागला. शो. हसली. कुठलं हसू ते विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर

भाऊबीज. सोयगावहून फोन नाही. यायचा नव्हताच.

अंबादासदादा, शोभाचा एकुलता एक मोठा भाऊ. आईबाप लवकर गेले, त्यानंच हिला वाढवलं, शाळेत घातलं, माझ्याशी लावून दिलं. मेघाच्या लग्नाला आला नाही. मुलीला बोहल्यावर आणायला मामा लागतो, शोभानं शेवटपर्यंत ती जागा कुणाला दिली नाही. गुरुजी घाई करायला लागले तेव्हा शेजारच्या कुलकर्ण्यांनी हात धरून आणली. तेव्हापासून बोलणं बंद. झटक्यानंतर दादाचा एकदा फोन आला होता मला. “कशी हाय?” मी सांगितलं. “बरं” म्हणून ठेवला.

शो. दिवसभर नीट होती. पुरण मऊ करून दिलं, दोन वाट्या खाल्लं.

२१ नोव्हेंबर

काल लिहिणं झालं नाही. आज लिहितो.

काल सकाळी गणेशचा, दादाच्या पोराचा फोन. दादा गेले. शेतातून आले, छातीत कळ म्हणाले, पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत संपलं. गणेश म्हणाला, आत्या आल्याशिवाय उचलत नाही.

मेघा म्हणाली नेऊ नका, आईला झेपणार नाही. मला पण धास्ती होती, ती बोललो नाही. शो.ला विचारलं. “जायचं.” परत विचारलं. “माझा… भाऊ.” विषय संपला.

राहुलनं गाडी काढली. सिल्लोडपर्यंत शो. शांत होती. अजिंठ्याचा घाट उतरताना रडली, साधं रडणं वाटलं, मी हात धरून बसलो. राहुल गावात आला नाही. म्हणाला, आज माझ्यावरून कुणाला काही वाटायला नको. वेशीबाहेर गाडीत बसून राहिला.

अंगणात माणसं भरलेली. बायांनी वाट दिली. दादा मधोमध. कमलवहिनी उशाशी. पाच वर्षांत ज्यांनी आमचं नाव घेतलं नव्हतं त्या वहिनींनी शोभाला बघून दोन्ही हात पसरले. “ये गं शोभा. बघ तुझ्या दादाला.”

शो.चे ओठ हलले. मला कळलं. दंड दाबला तिचा, त्यानं काय होणार होतं.

हसली. एवढ्या मोठ्यानं की रडणाऱ्या बाया थांबल्या. दादाच्या तोंडाकडं बघत, वाकून, पोट धरून.

वहिनींनी आधी माझ्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “हस. मन भरून हस. त्याला तेवढंच बघायचं राहिलं होतं.”

ते ऐकून हसू थांबायच्या ऐवजी वाढलं.

मी आजार, मेंदू, गोळी असं काहीबाही बोलत राहिलो. कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, हिच्यात बाहेरचं शिरलंय. दोघीतिघींनी शो.ला मागं ओढलं. गणेशनं माझ्यापुढं हात जोडले. “मामा, आत्याला घेऊन जा आता.” तोंडात पाणी घालायचं राहिलं. पायाला हात लावायचा राहिला. आम्ही वेशीपर्यंत आलो तेव्हा मागं तिरडी उचलल्याचा गलका ऐकू आला, आणि त्याच वेळी हिचं हसू संपून रडणं सुरू झालं. उशिरा. कुणी बघायला नसताना.

२३ नोव्हेंबर

शो. बोलत नाही. विचारलं तर डोळे मिटते.

मेघा माझ्यावर चिडलीय. म्हणाली, मी सांगत होते ना, तुम्ही नाही म्हणाला असता तर. मी म्हणलं, ती तिच्या भावाला बघायला निघाली होती, मी कोण नाही म्हणणारा. मेघा म्हणाली, मग बघितलं का तिनं?

सोयगावचा एक नातलग फोनवर कुठल्याशा देवस्थानाचं नाव सांगत होता, तिथं नेलं की बाहेरचं उतरतं म्हणे. फोन ठेवून दिला.

जेवण कमी. कण्या नको, खीर नको. काल वरण घट्ट करायचं राहिलं, ठसका लागून निळी पडली, पाठ थोपटून काढली. वरणाआमटीची भांडीच फळीवर ठेवून दिली.

२९ नोव्हेंबर

दादांचा दहावा. एकटाच गेलो, पहाटेच्या एस.टी.नं.

कावळा शिवल्यावर, माणसं हातपाय धुऊन बसली तेव्हा उभा राहिलो. जन्मात कधी चार माणसांत बोललो नाही. कंपनीत सत्कार झाला तेव्हा पण नुसती मान हलवली होती. म्हणलं, शोभा त्या दिवशी हसली ते तिचं हसू नव्हतं. मेंदूच्या वाटा तुटल्यात तिच्या. तोंड एक करतं, मन दुसरं. ती रडतच होती, तुम्हाला दिसलं नाही. समोर पिंड आहे, खोटं बोलत नाही.

काहींनी माना हलवल्या. पटल्याच्या का संपवा म्हणून, कळलं नाही.

महादूबाबा म्हणून एक म्हातारा धनगर आहे, दादांच्या शेतात मेंढरं बसवायचा. तो खालूनच बोलला. “मेंढीच्या डोक्यात पाण्याचा फोड धरतो. मग ती एकाच अंगाला गरगर फिरती. तिला काय नाचायची हौस असती व्हय? तसंच हाय हे.”

पलीकडं बायांत वहिनी बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, “मेंढीला भाऊ नसतो.”

पानं वाढायला घेतली. जेवायची इच्छा नव्हती, पण ताटावरून उठलो असतो तर आणखी एक गोष्ट झाली असती. जेवलो.

परत येताना खिडकीशी बसून एकच विचार. सगळं आयुष्य आपण तोंडावरून माणूस ओळखतो. दुसरं आहे काय आपल्याकडं? वहिनींचं काय चुकलं?

३ डिसेंबर

सोयगावला काय बोललो ते शो.ला सांगितलं. वहिनींचं उत्तर सांगितलं नाही. ऐकून तिनं माझा हात बाजूला केला. थकली असेल.

१० डिसेंबर

गोळीचा गुण दिसतोय. या आठवड्यात एकदाच हसली, तेही लगेच आवरलं. रडणं नाहीच. आज रशीदभाईनं जिन्यापर्यंत सोडताना सांगितलं, अम्मी गेली. शो. त्याच्याकडं बघत राहिली, तोंड स्थिर. मग हळू म्हणाली, “वाईट… झालं.” चेहरा आणि शब्द एकाच जागी. रशीदभाई मान खाली घालून गेला.

गिळणं पण सुधारलं. गिळायला शिकवायला घरी येतात त्या मॅडमनी आज साधं पाणी चमचाभर दिलं. माठातलं, थंड. शो.नं हनुवटी खाली घेतली, डोळे मिटले, गिळलं. ठसका नाही. आणखी एक चमचा मागितला. त्या मॅडम, मेघा आणि मी, तिघंही तिच्या गळ्याकडं बघत होतो, जसं काही तिथून कुणी बाहेर येणार आहे.

१४ डिसेंबर

दुपारी उन्हात बसलो होतो गॅलरीत. मी लसूण सोलत होतो. शो. आपणहून बोलायला लागली. वेळ लागला. मधे मधे थांबत होती. तिच्याच शब्दांत, जेवढं आठवतं.

“तिथं… हसले ते. पहिलं… आपोआप आलं.”

म्हणलं माहीत आहे. सगळ्यांना सांगितलंय मी.

“ऐका. वहिनी म्हणाली ना… हस. तेव्हा मला… मांडव दिसला. मामाची जागा. आणि मनात आलं… बरं झालं.”

मी लसूण खाली ठेवला.

“बरं झालं… म्हणलं मी. मनात. मग हसू… वाढलं. ते… थोडं माझं होतं.”

चेहरा पूर्ण शांत. गोळी घेण्याआधी असती तर इथं रडली असती, का हसली असती, आणि मी म्हणलं असतं हा आजार. आता तसं म्हणता येत नव्हतं.

विचारलं, दादा गेला ते बरं झालं असं? मान हलवली. “ते नाही. तो गेला… ते नाही. पाच वर्षं… तोंड फिरवलं. आता त्याला… बघावं लागलं माझ्याकडं. ते.”

लसूण सोलून टाकला, सगळा, लागत नव्हता तेवढा.

१५ डिसेंबर

पिंडासमोर उभा राहून सांगून आलोय की तिचं नव्हतं.

खोटं बोललो नाही. मला जे ठाऊक होतं ते बोललो. पण आता ठाऊक आहे ते वेगळं आहे. मशीनवर एखादा भाग मापात बसत नाही तेव्हा काढून टाकता येतो. हा कुठं टाकू?

आणि तिचा राग करू का? पाच वर्षं ती एकदाही दादाबद्दल वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं आता वाटतं. सगळं आत धरून ठेवलं, लगाम होते तोवर.

१९ डिसेंबर

डॉ. मॅडमकडं. शो.ला बाहेर बसवून एकट्यानं विचारलं. म्हणलं, तुम्ही सांगितलं होतं ते हसू तिचं नाही. ती म्हणते थोडं होतं.

मॅडम म्हणाल्या, मी ‘आवरता येत नाही’ म्हणाले होते, ‘काहीच नसतं’ असं नाही. कधी काही कारण नसताना फुटतं. कधी आत मोहरीएवढं काही असतं आणि बाहेर डोंगर येतो. तुमच्या माझ्या मनात पण मयतात काय काय येतं, दिसत नाही एवढंच. किती त्यांचं आणि किती आजाराचं हे मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही.

म्हणलं, मग लोकांना काय सांगायचं?

म्हणाल्या, ते डॉक्टरला विचारू नका.

३ जानेवारी

मेघाला सांगितलं. राहुल पण होता. मेघा आधी रडली, मग म्हणाली हे इथंच राहू द्या, आईला परत माहेर मिळायची एक फट आहे ती बुजवू नका. जाताना राहुल मला म्हणाला, “माझ्यामुळं सुरू झालं हे.” म्हणलं, तुझ्यामुळं नाही.

६ जानेवारी

गणेशचा फोन. त्याच्या आईच्या डोळ्यात मोतीबिंदू, दाखवायला शहरात आणतोय मंगळवारी. वहिनी म्हणाल्या, शोभाकडं टेकून जाऊ. त्यांनी स्वतः म्हणलं, गणेशनं दोनदा सांगितलं.

शो.ला कळल्यावर पहिलं वाक्य: “मी… सांगणार तिला.”

मी समजावलं. म्हणलं, त्या विश्वास ठेवायला येतायत. आजार होता एवढं मानून त्या तुला जवळ करतील. कशाला. काय मिळणार.

“तिनं… माझं फक्त हसू बघितलं.”

तेच म्हणतो, म्हणलं, ते हसू आजाराचं होतं एवढंच राहू दे.

“मग मी… कुठं होते?”

संध्याकाळी चहा करताना पावडर दोनदा घातली.

९ जानेवारी

वहिनी दुपारी आल्या. एका डोळ्यात थेंब घातलेले, पाणी गळत होतं. वाळल्यात. गणेश त्यांना सोडून औषधं आणायला गेला.

शो.च्या कॉटवर टेकल्या. दोघी एकमेकींकडं बघत होत्या. शो.चा चेहरा हलला नाही, मी देवाचं नाव घेत होतो. मी घट्ट चहा आणला शो.साठी, साधा वहिनींसाठी. वहिनी म्हणाल्या, “मला बी तसाच द्या.” दिला. एक चमचा तोंडात घेतला, बराच वेळ धरला. “रोज असाच पिती?” मी म्हणलं, हो. कप संपवला त्यांनी. मला तरी एवढा संपवता आला नसता.

मग माझ्याकडं वळल्या. “दाजी, दहाव्याला बोललात ते खरं हाय ना? माझ्यासमोर सांगा एकदा. मी मानीन.”

तोंड उघडलं मी. हो म्हणायला. शो.नं हात वर केला. “तुम्ही… बाहेर.”

वहिनी चमकल्या. मी उठलो. दार लोटून घेतलं.

गॅलरीत उभा राहिलो. आतून शो.चा आवाज, एकेक शब्द, मधे एवढी जागा की वाटावं संपलं. वहिनींचा आवाज नाही. शब्द कळत नव्हते, आणि कळावेत म्हणून दाराशी गेलो नाही. खाली पोरं पतंगाचा मांजा गुंडाळत होती. एकदा आतून कसलासा आवाज आला, हसण्याचा का रडण्याचा, कुणाचा, सांगता येणार नाही.

गणेश आला तेव्हा वहिनींनीच दार उघडलं. डोळा पुसत होत्या, पण तो थेंबाचा डोळा. चपला घातल्या. मला म्हणाल्या, “गोळी चुकवू नका तिची.”

मी वाट बघत होतो, या म्हणतील, सोयगावला आणा म्हणतील. वहिनी कठडा धरून जिना उतरल्या. गणेशनं गाडीत बसवलं. काच वर गेली.

शो. भिंतीकडं तोंड करून झोपलेली. उठवलं नाही.

१० जानेवारी

रजा टाकली.

सकाळी भरवताना विचारलं, काय सांगितलं काल.

“सगळं.”

मांडवाचं पण? मान हलवली, हो.

वहिनी काय म्हणाल्या?

“काही नाही.”

घास घेतला, हनुवटी खाली, गिळला. पुढचा घास मी समोर धरला तर हातानंच थांबवलं.

“केस… विंचरले माझे. वेणी… घातली.”

तेव्हा बघितलं. खरंच वेणी होती. कालपासून असणार, माझ्या नजरेत आलीच नाही. मला जमत नाही म्हणून मी नुसते मागं बांधतो. ही घट्ट होती, ताणून, कानापासून पेड काढलेली. इतकी घट्ट की कपाळाची कातडी ओढली गेली होती. दुखत असेल. मायेनं घातली का रागानं, वेणीवरून कसं कळणार.

विचारलं, सैल करू का?

“नको.”

मेघाचा फोन येऊन गेला, काय झालं विचारायला. म्हणलं वहिनी येऊन गेल्या. पुढं काय, म्हणाली. माहीत नाही म्हणलं.

शो.नं चांगल्या हातानं वेणी खांद्यावरून पुढं घेतली. बोटं वरून खाली नेली, परत वर. ओठांचा कोपरा हलायला लागला. सकाळची गोळी दिली होती, वेळेवर. मी वाटी खाली ठेवली आणि तिच्या तोंडाकडं न बघता विचारलं, “काय वाटतंय?”

ती शब्द शोधत होती. मी थांबलो.